निकाल चहानंतर

अत्तारसाहेब गेले त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर शोकसंदेशांची रीघ लागली. ‘एका पर्वाचा अस्त’, असे कोणी लिहिले. ‘जागतिक चित्रपटाची अपरिमित हानी’, असे दुसऱ्याने लिहिले; जागतिक चित्रपटाला ही बातमी अद्याप कळली नसावी. तळमजल्यावरील एका गृहस्थांना अत्तारसाहेबांनी एकदा चालू सिनेमात चिवड्याची पिशवी उघडल्याबद्दल सभागृहाबाहेर घालवले होते. त्यांनी जळत्या मेणबत्तीचे हलते चित्र पाठवले. हे सगळे अत्तारसाहेबांना वाचून दाखवले असते तर ते एवढेच म्हणाले असते, “नापास. संवाद फार आहेत.”

आमच्या चित्रमंडळाचे अध्यक्ष कुलकर्णी, जे पूर्वी बँकेत अधिकारी होते आणि अजूनही आहेत असे त्यांना वाटते, त्यांनी मला सांगितले की, बाई, तुम्ही शिक्षिका होता, तेव्हा अत्तारसाहेबांवर चार शब्द तुम्हीच लिहा, मात्र ते भारदस्त असावेत. भारदस्त लिहिणे मला जमणार नाही. मी भूगोल शिकवत असे. जे जिथे आहे ते तिथे दाखवावे, एवढेच त्या विषयात अपेक्षित असते.

हमीद अत्तार यांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. तिथे तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर येई आणि ते त्यातला सदोष माल बाजूला काढत. चांगल्या मालाविषयी बोलण्याची पद्धत त्या विभागात नव्हती. चांगला माल पुढे जाई, विषय संपे. निवृत्त होऊन ते बिबवेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा कारखाना सुटला होता, पण सवय सुटली नव्हती. मग त्यांनी जगभरातल्या दिग्दर्शकांचा माल तपासायला घेतला. पास, नापास आणि ‘पुन्हा भट्टीत’ असे त्यांचे तीन शेरे होते. ‘पास’ हा शेरा मी फार थोड्या वेळा ऐकला. कुलकर्णींना तर वाटे की तो शेरा नियमावलीत नुसता दाखवण्यापुरता आहे.

आमची ओळख एका सिनेमागृहात झाली. तिला ओळख म्हणणे हा सौजन्याचा भाग आहे. दरवर्षी थंडीत शहरात चित्रपट महोत्सव भरतो. मी माझ्या बहिणीला घेऊन गेले होते. पडद्यावर कुठल्याशा पर्वतराजीतला मेंढपाळ होता आणि त्याच्या मागचे डोंगर उघडेबोडके होते. बहिणीने विचारले, इथे झाडे का नाहीत. मी हळू आवाजात तिला वृक्षरेषेची कल्पना समजावून देऊ लागले. पुढच्या रांगेतील उंच, सडपातळ गृहस्थ सावकाश मागे वळले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “आपलं चालू द्या. आपला तास संपला की सांगा, मग आम्ही सिनेमा बघू.”

त्यांनी ‘तास’ हा शब्द कसा वापरला याचा मी उरलेला सिनेमाभर विचार केला. नुसत्या कुजबुजीवरून माणसाचा व्यवसाय ओळखणारा हा पहिलाच मनुष्य मी पाहत होते. पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ आमच्या जिन्यात सामानाच्या खोक्यांसह उभे दिसले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “अरे, तुम्ही. झाडं का नव्हती ते शेवटपर्यंत कळलं नाही मला. उंचीमुळे का?” मी हो म्हणाले. “मग हे सिनेमा संपल्यावर सांगता आलं असतं,” असे म्हणून ते खोके उचलून वर गेले.

सिनेमागृहात बोलणारा मनुष्य हा त्यांच्या लेखी सदोष मालाचा सर्वात खालचा प्रकार होता. त्यांनी कोणालाही कधी ओरडून गप्प केले नाही. वळायचे, ‘आपलं चालू द्या’ म्हणायचे, आणि पुन्हा समोर पाहायचे. फोनवर बोलणाऱ्या एका तरुणाला त्यांनी विचारले होते, “पलीकडच्यांना ऐकू येतंय ना नीट? नाहीतर आम्ही पडद्यावरच्यांना जरा हळू बोलायला सांगतो.” महोत्सवाला नियमित येणारे लोक त्यांना नावाने ओळखत नसत, पण त्यांच्या मागच्या रांगेत बसणे टाळत.

सोसायटीच्या सभागृहात रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचा आणि नंतर चर्चा करायची, ही कल्पना कुलकर्णींची होती. चौथ्या मजल्यावरची केतकी हिंजवडीला एका कंपनीत आहे. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ती सांभाळे. खिडक्यांना चादरी लावायचे काम माझ्याकडे होते. अत्तारसाहेबांनी फक्त एक नियम दिला : सिनेमा संपल्यावर चहा येईल, आणि आपला कप रिकामा होईपर्यंत कोणीही सिनेमाविषयी अक्षर बोलायचे नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “भट्टीतून निघालेला माल लगेच मोजत नाहीत. गरम असताना सगळं फुगलेलं असतं.”

हा नियम त्यांनी स्वतःही इतक्या काटेकोरपणे पाळला की रमजानमध्ये मोठी अडचण झाली. रोजा असल्याने ते दुपारी चहा घेत नसत. चहा नाही, म्हणून निकाल नाही. तो संपूर्ण महिना जगातील दिग्दर्शकांना सवलत असे. कुलकर्णी म्हणायचे, “साहेब, चहा आम्ही पितो, मत तुम्ही द्या.” ते हाताची घडी घालून बसून राहत. ईदच्या दिवशी शीरखुर्म्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो की सर्व थकलेले निकाल एकदम लागत, आणि बहुतेक उमेदवार अनुत्तीर्ण होत.

त्यांची मते एकाच ठिकाणी मांडून ठेवणे शक्य नाही, कारण ती त्यांनी कधी मांडली नाहीत, फेकली. पोस्टरवर महोत्सवांतल्या पारितोषिकांची पानापानांची चिन्हे जास्त दिसली की म्हणायचे, “मार्केट यार्डात यापेक्षा कमी पाला असतो.” युरोपातील कौटुंबिक सिनेमांबद्दल त्यांचे म्हणणे असे की तिथले सगळे घटस्फोट जेवणाच्या टेबलावर होतात, आपल्याकडे माणसे ताट घेऊन टीव्हीसमोर बसतात म्हणून संसार टिकले आहेत. थंड देशातील सिनेमात पात्र खिडकीबाहेर बघू लागले की ते पुटपुटत, “दिग्दर्शकाला पुढचं सुचेपर्यंत हा इथेच उभा राहणार.” संथ सिनेमाला मात्र त्यांचा विरोध नव्हता. “संथ असू दे. रिकामा नको,” ते म्हणत. “नदी संथ असते. टाकी रिकामी असते. लांबून दोन्ही सारख्याच शांत वाटतात.”

आणि त्यांना नेमके काय आवडे, हे एकदा मी शिक्षिकेच्या हट्टाने विचारले. ते म्हणाले, “बाई, माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचं तोंड तयार असतं. हात तयार नसतात. ज्याला ते हात दाखवता येतात त्याचा सिनेमा बघावा.” कारखान्यात कोणी खराब नग चांगल्यांत सरकवला की त्यांना ते नगावरून नव्हे, कामगाराच्या हातांवरून कळत असे, असेही त्यांनी सांगितले. हे त्यांचे सर्वात लांब भाषण होते. त्यानंतर त्यांना थकवा आला असावा, कारण दोन रविवार ते नुसते ‘नापास’ म्हणाले.

एकदा केतकीने तिच्या ओळखीच्या एका तरुण दिग्दर्शकाला मंडळात आणले. त्याने मित्रांकडून उसनवारी करून, कोणत्याही निर्मात्याशिवाय, स्वतंत्र म्हणतात तसा सिनेमा केला होता. कुलकर्णींनी स्वागताच्या भाषणात ‘स्वतंत्र’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की अत्तारसाहेबांनी हळूच विचारले, “स्वतंत्र म्हणजे कोणापासून? प्रेक्षकांपासून?” सिनेमात एक झाड होते. ते पुष्कळ वेळ होते. कप रिकामे झाल्यावर अत्तारसाहेबांनी सुरुवात केली.

“ते झाड इतका वेळ का आहे?”

“सर, ते प्रतीक आहे.”

“कशाचं?”

“ते मी प्रेक्षकांवर सोडलंय.”

“प्रेक्षकांनी ते झाडावर सोडलं.”

मुलगा हसला, पण त्याचे कान लाल झाले. कुलकर्णी मध्ये पडून आपल्या लाडक्या ‘स्तर’ या विषयावर काही बोलणार, इतक्यात अत्तारसाहेब म्हणाले, “ती आई दाराला कडी लावते, आणि मुलगा अजून आला नाही म्हणून परत काढून ठेवते. ते कुठून आणलंत?”

“माझी आई तसं करते, सर.”

“मग झाड कशाला पाहिजे होतं?”

अत्तारसाहेबांनी त्याला वर घरी नेले, आणि त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, खिमा-पाव वाढून त्याचे सांत्वन केले. नंतर कळले की त्या मुलाने झाड कापले, म्हणजे सिनेमातले.

वहिनींचे मत सांगितल्यावाचून हे चित्र अपुरे राहील. रुखसानावहिनी रोज संध्याकाळी मालिका बघत, आणि त्यात त्यांना कसलाही संकोच नव्हता. पतीच्या छंदाविषयी त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, “ह्यांच्या सिनेमात कोणी कोणाशी बोलत नाही. मी म्हणते, एवढ्यासाठी तिकीट कशाला काढता, घरीच बसा की.” अत्तारसाहेब शेजारच्या खोलीतून म्हणाले होते, “आणि हिच्या मालिकेत सगळे एकदम बोलतात. ते बघायला मी सोसायटीच्या सभेला जातो.” माझ्या समजुतीप्रमाणे हा अत्यंत सुखी संसार होता.

आता त्या रविवाराविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या मंडळाची बौद्धिक उंची त्या दिवशी नेमकी मोजली गेली.

सिनेमा दूरच्या एका बर्फाळ देशातला होता; ती भाषा आमच्यापैकी कोणालाही कळत नव्हती. दोन भाऊ, त्यांची आई, आणि वडिलांचा दफनविधी. केतकीने सिनेमा एका ठिकाणाहून घेतला होता आणि इंग्रजी सबटायटलची फाईल दुसऱ्या ठिकाणाहून. सिनेमा सुरू झाला. थडग्यापाशी धर्मगुरूने हात वर केला आणि खाली अक्षरे उमटली : ‘पाव फुगला नाही, मालक.’ आई धाय मोकलून रडू लागली. खाली आले, ‘गुरुवारी लोणी येणार नाही.’ थोरला भाऊ धाकट्याला मिठी मारून म्हणाला, ‘भट्टीचं दार उघडं ठेवू नकोस.’

सभागृहात कोणीही हसले नाही. सर्व पात्रे गप्प असताना खाली दोन-दोन ओळी येत, आणि आई तावातावाने बोलत असताना खाली काहीच नसे. हे माझ्या लक्षात आले होते. परंतु परदेशी सिनेमात काही लक्षात आले तर ते बोलून दाखवण्यापूर्वी तो दोष आहे की शैली, हे ठरवावे लागते. आणि ते ठरेपर्यंत सिनेमा संपतो.

चहा झाला. कुलकर्णींनी अध्यक्ष या नात्याने प्रारंभ केला. “मृत्यू आणि भाकरी,” ते म्हणाले, आणि डोळे मिटून थोडे थांबले. “शोकाच्या क्षणीही माणूस पावाचंच बोलतो. केवढा स्तर आहे.” एका काकूंना भट्टी हे मातेच्या हृदयाचे रूप वाटले. दुसऱ्या कोणी लोण्याच्या टंचाईतून त्या देशाचे अर्थकारण उलगडले. मीही खमीर आणि हवामान यांच्या संबंधावर एक वाक्य बोलले. ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते.

अत्तारसाहेब गोंधळून आमच्याकडे पाहत होते. “कसला पाव?” त्यांनी विचारले. मग म्हणाले, “कुलकर्णी, आज उपास आहे का तुमचा?” सगळे हसले. ते पुढे सांगू लागले, “सरळ गोष्ट आहे. बाप आजारी असताना धाकट्याला निरोप गेला होता. तो वेळेवर आला नाही. आईला हे ठाऊक नाही. तिला वाटतं निरोपच पोचला नाही. थोरल्याला ठाऊक आहे. म्हणून आई धाकट्याकडे जायला निघाली की दर वेळी थोरला मधे येतो. कोट घाल, खुर्ची दे, काहीतरी निमित्त काढून. शेवटी तो बाजूला होतो. तिथे सिनेमा संपतो. पास.”

‘पास’ ऐकून कुलकर्णींनी डोळे उघडले. केतकी मात्र उठून लॅपटॉपपाशी गेली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “ओह नो. काका, सॉरी. सबटायटल दुसऱ्याच मूव्हीची आहेत. कुठल्या तरी बेकरीवरची.”

तिने योग्य फाईल शोधून शेवटचा प्रसंग पुन्हा लावला. थोरला बाजूला झाला, धाकटा आईला म्हणाला, ‘निरोप मिळाला होता.’ अत्तारसाहेब म्हणाले होते त्यात एका शब्दाचा फरक नव्हता. सभागृहात टाळ्या वाजल्या. “साहेब, तुम्ही सबटायटलकडे बघितलंच नाहीत?” कुलकर्णींनी विचारले.

“मी वाचायला येत नाही. बघायला येतो.”

कुलकर्णींनी हे वाक्य त्याच संध्याकाळी गटावर सुविचार म्हणून टाकले, मागे सूर्योदय लावून.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्गात ज्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही ते कधीही ‘मला दिसत नाही’ असे सांगत नाही. ते म्हणते, ‘मला हे आधीच येतं.’ ते हुशार असेल तर अनेक महिने कोणाला पत्ता लागत नाही. अत्तारसाहेब पूर्वी कडेच्या खुर्चीत मागे बसत. आता पहिल्या रांगेत बसत होते. पडद्याकडे सरळ पाहण्याऐवजी मान थोडी तिरकी करून, कोपऱ्यातून पाहिल्यासारखे बघत. जिन्यातील सूचनाफलकावर काय लिहिले आहे ते माझ्याकडून वाचून घेत, चष्मा वर राहिला म्हणत. चष्मा खिशात असे. या तीन गोष्टी मी वेगवेगळ्या पाहिल्या होत्या. एकत्र त्या दिवशी ठेवल्या.

त्यानंतर त्यांचे शेरे भराभर कडक होत गेले. एखादा सिनेमा अर्धवट सोडून ते उठत. पूर्वी शेवटचे नाव पडद्यावरून जाईपर्यंत ते कोणालाही दिवा लावू देत नसत. “लोकांनी काम केलंय,” म्हणत. आता म्हणू लागले, “परदेशी सिनेमात राम राहिला नाही.” जिथे संवाद जास्त तो सिनेमा नापास. जिथे कमी तोही, कारण जे थोडे असतात तेच महत्त्वाचे असतात. महोत्सवाच्या तारखा जाहीर झाल्या तेव्हा मी जिन्यात विचारले, यंदा कोणत्या दिवशी जायचे. “तुम्ही जा,” ते म्हणाले. “मी नाही येत. तेच ते बर्फ.”

आठवड्याने वहिनींनी मला वर बोलावले. अत्तारसाहेब नमाजला गेले होते. वहिनींनी कांदा चिरता चिरता सांगितले की साहेबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. डॉक्टरांनी सांगितले, उरलेले सांभाळू, गेलेले परत येणार नाही. “कडेचं दिसतं. मधलं दिसत नाही. अक्षर तर लागतच नाही म्हणतात, मुंग्या बसल्यासारखं दिसतं. कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद आहे मला.”

“मग मला का सांगताय, वहिनी?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “बाई, ते आता माझ्याबरोबर मालिका ऐकतात. रोज. परवा सासूची बाजू घेतली त्यांनी.” त्यांना हसू आले, आणि मग पदराने डोळे पुसावे लागले, कांदा होताच. “काहीतरी करा. हा माणूस असा मला नको.”

मी तो प्रश्न पद्धतशीरपणे सोडवायचे ठरवले. दिसत नाही ते अक्षर. ऐकू येते उत्तम. म्हणजे कोणीतरी अक्षर वाचावे. मी तसे अत्तारसाहेबांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या किंचित डावीकडे, बराच वेळ पाहिले.

“सिनेमा चालू असताना बोलायचं?”

“हळू आवाजात.”

“तुमच्या हळू आवाजाची माझी ओळख आहे, बाई. वृक्षरेषा.”

पण नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या घरी टीव्हीवर आम्ही सराव सुरू केला. वहिनी मालिकेची वेळ सोडून आत जात; हा त्याग लहान नव्हता. अत्तारसाहेबांनी अटी घातल्या. वाक्य कोण बोलले ते सांगायचे नाही. ते आवाजावरून कळते. आता काय होणार ते सुचवायचे नाही. अभिनय करायचा नाही. “शाळेत परिपत्रक वाचत होता ना, तसं वाचा.” इंग्रजीतून मराठी करताना माझ्या हातून वाक्य लांबले की लगेच अडवत. “एवढं नाही बोलला तो. तोंड दोनदाच उघडलं.” एकदा बाई नुसती ‘हं’ म्हणाली त्याचा मी अर्थ सांगू लागले, तर म्हणाले, “हं मला कळतं. मी लग्न केलेला माणूस आहे.”

आयुष्यात प्रथमच मला कोणी वाचनात ‘पुन्हा भट्टीत’ असा शेरा दिला, आणि प्रथमच मी एका विद्यार्थ्यासाठी इतकी तयारी केली. महिन्याभराने त्यांनी एक संपूर्ण सिनेमा न अडवता ऐकला. वाफाळता चहा संपवून म्हणाले, “सिनेमा नापास. वाचन ठीक.” मग कप खाली ठेवून, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असल्यासारखे, “महोत्सव अजून चालू आहे का?”

शेवटचे दोन दिवस उरले होते. आम्ही दुपारचा खेळ निवडला, गर्दी नसलेला. रिक्षात त्यांनी आणखी एक अट सांगितली. “कोणी हरकत घेतली तर वाद नाही. कारण सांगायचं नाही, डोळे वगैरे. उठायचं आणि बाहेर. नियम माझा आहे.”

आम्ही सर्वात मागच्या रांगेत कोपऱ्यात बसलो. पडद्यावर एक वृद्ध बाई आणि तिची मुलगी घर रिकामे करत होत्या. मी वाचू लागले. अत्तारसाहेबांची मान तिरकी, हात मांडीवर स्थिर. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसे बसलेले पाहत होते. आई भांडी कागदात गुंडाळत होती आणि मुलगी तीच भांडी पुन्हा उघडत होती. ते पुटपुटले, “हात बघा.” मी हात बघितले, आणि एक ओळ वाचायची राहिली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक तरुण वळला. जाड चष्मा, कॉलेजची पिशवी मांडीवर. शांतपणे म्हणाला, “काका, तुमचं होऊ द्या निवांत. आम्ही थांबतो, सिनेमा काय, उद्या पण आहे. प्लीज.”

खरे कारण ओठांवर आले होते. पण मला ताकीद होती. अत्तारसाहेब थोडे पुढे झुकले आणि त्या मुलाला म्हणाले, “आपलं बरोबर आहे.” मग माझ्या कानाशी, “वाक्य चांगलं होतं. प्लीजने धार गेली.” त्यांच्या आवाजात इतके समाधान मी आधी ऐकले नव्हते. या शहरात आपला एक नग तरी तयार झाला, असे त्यांना वाटले असावे.

ते उठले. खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवत रांगेबाहेर आले. मीही पिशवी घेऊन मागे निघाले. दारापाशी पोचून त्यांनी दांडीवर हात ठेवला, आणि तिथेच थांबले. पडद्यावरची आई काहीतरी म्हणाली होती. एकच वाक्य, अगदी हळू.

त्यांनी दार ढकलले नाही. “काय म्हणाली?” त्यांनी विचारले.

मी मागे पाहिले. दारापासून पहिल्या माणसापर्यंत बरेच अंतर होते. मी सांगितले, “‘हा कप राहू दे. यात मी अजून चहा घेणार आहे.’”

त्यांनी मान डोलावली, भिंतीला पाठ लावली आणि दांडीवरचा हात काढून घेतला. उरलेला सिनेमा आम्ही तिथे उभे राहून पाहिला. दारावरच्या लाल दिव्याचा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. माझे गुडघे दुखू लागले, तेव्हा मी भिंतीला टेकले. ते मात्र पहिल्यापासून होते तसेच सरळ उभे राहिले. सिनेमा संपला, लोक आमच्यासमोरून बाहेर पडू लागले. तो चष्मेवाला तरुण जाताना आमच्याकडे पाहून थबकला, अत्तारसाहेबांच्या डोळ्यांकडे त्याने पाहिले, आणि निघून गेला. नावे वर सरकू लागली होती.

“वाचा,” अत्तारसाहेब म्हणाले.

“नावं?”

“सगळी. लोकांनी काम केलंय.”

त्या भाषेतली नावे मला उच्चारता येत नव्हती. मी वाचली. रिकाम्या सभागृहात मोठ्याने वाचली, आता कोणाची हरकत नव्हती. झाडू घेतलेल्या बाई दाराशी थांबल्या, आणि हजेरी संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही बाकावर बसलो. नियमाप्रमाणे मी बोलले नाही. माझा कप रिकामा झाला, तो मी खाली ठेवला आणि वाट पाहिली. ते कप दोन्ही हातांत धरून बसले होते. मधून ओठांपर्यंत नेत आणि तसाच खाली आणत. समोरून रिक्षा गेल्या, एक थांबली. मी म्हटले, निघू या का. ते उठले, आणि कप माझ्या हातात दिला.

पुढे पावसाळ्यात ते गेले, आणि त्याआधी आमचा एकत्र सिनेमा झाला नाही. कुलकर्णींना मंडळाच्या नोंदीसाठी त्या शेवटच्या चित्रपटावरचे त्यांचे मत हवे आहे. मी त्यांना कळवले आहे की ते देता येणार नाही. कप मी स्वतः पाहिला होता. तळाशी एक घोट तसाच होता. त्या सिनेमाचा निकाल अद्याप लागलेला नाही.